औषध अंगी लागते कसे?

माती परीक्षणाचा अहवाल ज्याने एकदा वाचला आहे त्या शेतकऱ्यास एक गोष्ट मुद्दाम समजावून सांगावी लागत नाही. जमिनीत एखादे अन्नद्रव्य असणे निराळे आणि ते पिकास मिळणे निराळे. अहवालावर नुसता 'स्फुरद' हा शब्द नसतो, 'उपलब्ध स्फुरद' असे लिहिलेले असते. मराठवाड्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोहाचा साठा पुष्कळ असतो. तरीही त्याच जमिनीतील पिकाची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात, कारण ते लोह मुळांना शोषून घेता येईल अशा रूपात नसते. चिलेट स्वरूपातील थोडेसे लोह फवारले की पाने हिरवी होऊ लागतात. लोह तेच असते. ते कोणत्या सोबतीने आले एवढाच फरक असतो.

मनुष्याच्या पोटात जाणाऱ्या औषधासही हाच न्याय लागू पडतो. गोळीत औषध किती आहे हे वेष्टनावर छापलेले असते. त्यापैकी किती भाग रक्तात पोहोचेल आणि किती वेळात पोहोचेल हे मात्र वेष्टनावर नसते. आपल्या बोलीत खाल्लेले अन्न 'अंगी लागले' किंवा 'लागले नाही' असे म्हणण्याची चाल आहे. औषधशास्त्रात ज्यास जैव उपलब्धता म्हणतात ती बहुतांशी हीच कल्पना होय. औषध अंगी लागण्यात गोळीतील ज्या द्रव्यांचा वाटा मोठा असतो त्यांना व्यवहारात 'निष्क्रिय घटक' असे नाव पडले आहे. हे नाव फारसे योग्य नाही. रोगावर त्यांची स्वतःची क्रिया नसते एवढ्याच अर्थाने ती निष्क्रिय होत. त्यांना सहायक द्रव्ये म्हणणे अधिक बरे.

गोळीत औषधाखेरीज काय असते?

हृदयविकारावर दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनच्या एका गोळीत औषध केवळ पाव मिलिग्रॅम असते. एवढे औषध चिमटीत धरता येणार नाही, मग त्याची गोळी कशी वळणार? म्हणून त्यात दुधापासून काढलेली लॅक्टोज साखर, मक्याचे स्टार्च, लाकडाच्या लगद्यापासून केलेले सेल्युलोज किंवा कॅल्शियमचा एखादा क्षार भर म्हणून घालतात. भुकटी एकत्र राहावी म्हणून डिंकासारखे बंधक द्रव्य, पोटात गेल्यावर गोळी फुटावी म्हणून पाण्याने फुगणारे विघटक द्रव्य, यंत्राच्या साच्याला भुकटी चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेटसारखे स्निग्ध द्रव्य, वर रंग, आणि काही गोळ्यांवर लेप. पुष्कळ गोळ्यांत औषधापेक्षा या मंडळींचेच वजन अधिक भरते.

सोयाबीनच्या पेरणीपूर्वी बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धक लावण्याची रीत हिंगोली जिल्ह्यात आता बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडली आहे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक घ्यावे लागते. त्या पुडीत जिवाणूंबरोबर लिग्नाइटची काळी भुकटी असते आणि ती बियाण्यास चिकटावी म्हणून गुळाचे पाणी वापरतात. नत्र स्थिर करण्याचे काम गूळही करीत नाही आणि लिग्नाइटही करीत नाही. परंतु गुळाचे पाणी न वापरता कोरडीच पुडी चोळली तर बरेचसे संवर्धक पोत्याच्या तळाशी राहते. लिग्नाइटऐवजी जिवाणूंस न मानवणारी एखादी भुकटी वापरली तर पुडी उघडण्यापूर्वीच ते मरून जातील. गोळीतील सहायक द्रव्यांचे काम अशाच प्रकारचे आहे.

गोळी गिळल्यानंतर ती प्रथम ओली व्हावी लागते, मग फुटावी लागते, फुटलेल्या कणांतून औषध पाण्यात विरघळावे लागते आणि विरघळलेले औषध आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जावे लागते. भिंतीतच आणि पुढे यकृतात त्याचा काही भाग मोडला जातो. जो उरतो तोच शरीरभर फिरतो. यांपैकी एकही पायरी चुकली तर पुढील सर्व अडते. साध्या, लेप नसलेल्या गोळीने पंधरा मिनिटांच्या आत पाण्यात फुटले पाहिजे असा भारतीय औषधकोशाचा सर्वसाधारण दंडक आहे. साच्यास चिकटू नये म्हणून घातलेले स्निग्ध द्रव्य प्रमाणाबाहेर गेले किंवा भुकटीत गरजेहून अधिक वेळ घोटले गेले तर प्रत्येक कणावर त्याचे पातळ आवरण बसते आणि पाणी आत शिरेनासे होते. कोरडे पीठ पाण्यावर टाकल्यास काही वेळ तसेच तरंगत राहते, तसाच हा प्रकार. गोळीत औषध पूर्ण मापाचे असूनही ती पोटातून तशीच निघून जाऊ शकते.

ब्रिस्बेनमधील फेफऱ्याचे रोगी

या विषयातील सर्वांत बोधप्रद घटना ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात १९६८ व १९६९ या वर्षांत घडली. फेफरे येणाऱ्या रोग्यांस फेनिटॉइन नावाचे औषध देण्यात येत होते व पुष्कळांचा आजार त्यावर आटोक्यात होता. अचानक अनेक रोगी झोकांड्या खाऊ लागले, त्यांना एकाचे दोन दिसू लागले, बोलणे जड झाले. ही सर्व फेनिटॉइन अधिक झाल्याची लक्षणे होत. रोगी मात्र पूर्वीइतक्याच कॅप्सूल घेत होते आणि कॅप्सूलमध्ये औषधही पूर्वीइतकेच होते. शोध घेता असे आढळले की, निर्मात्याने भर म्हणून वापरावयाचा कॅल्शियम सल्फेट बदलून त्याऐवजी लॅक्टोज वापरण्यास आरंभ केला होता. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्समच. त्याच्या सोबतीत औषधाचा बराच भाग शोषलाच जात नव्हता आणि डॉक्टरांनी मात्रा ठरविल्या होत्या त्या नकळत ही तूट धरूनच. लॅक्टोज पाण्यात विरघळते. त्याच्या सोबतीने औषध पूर्ण शोषले जाऊ लागले आणि नेहमीची मात्रा विषारी ठरली. ही हकिकत १९७० साली ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

येथे एक गोष्ट सहज निसटून जाते. नवी कॅप्सूल जुन्या कॅप्सूलपेक्षा वाईट नव्हती. उलट शोषणाच्या दृष्टीने ती सरसच होती. रोग्यांस त्रास झाला तो हा बदल कोणास ठाऊक नव्हता म्हणून. फेनिटॉइनसारख्या औषधात गुण येण्याची मात्रा व अपाय होण्याची मात्रा यांत अंतर फार थोडे असते, त्यामुळे अशा औषधात थोडासा फरकही जाणवतो. डिगॉक्सिनही त्याच जातीचे. निरनिराळ्या निर्मात्यांच्या डिगॉक्सिनच्या गोळ्या सारख्याच मापाने दिल्या असता रक्तातील औषधाच्या पातळीत सात पटींपर्यंत फरक पडतो, असे १९७१ साली अमेरिकेत दिसून आले. त्यानंतरच औषधांच्या समतुल्यतेचा प्रश्न जगभर गंभीरपणे घेतला जाऊ लागला.

त्याही पूर्वी, १९५० नंतरच्या दशकात, टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या कॅप्सूलमध्ये डायकॅल्शियम फॉस्फेट भर म्हणून घालीत. या क्षारातील कॅल्शियम औषधास धरून ठेवते व दोहोंचे मिळून न विरघळणारे संयुग होते असे लक्षात आल्यावर ती भर बदलण्यात आली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुधाबरोबर घेऊ नयेत असे डॉक्टर सांगतात त्यामागे हेच कारण आहे. कॅल्शियम गोळीतून आले काय आणि गाईच्या दुधातून आले काय, औषधास ते सारखेच.

क्षयाच्या औषधात काळ्या मातीची बहीण

मराठवाड्यातील शेतकऱ्यास जवळची वाटावी अशी हकिकत स्वीडनमधील आहे. क्षयरोगावर त्या काळी पॅरा अमिनो सॅलिसिलिक आम्ल हे औषध दिले जाई. त्याची रोजची मात्रा पुष्कळच ग्रॅम भरत असल्याने ते दाणेदार स्वरूपात देत. रिफॅम्पिसिन हे नवे प्रभावी औषध हाती आल्यावर दोन्ही औषधे एकत्र देण्यात येऊ लागली आणि रिफॅम्पिसिन एकटे दिले असता रक्तात जेवढे आढळे त्यापेक्षा ते या जोडीत बरेच कमी आढळू लागले. एक औषध दुसऱ्यास मारते असा साहजिकच समज झाला आणि दोन्ही औषधांच्या वेळांत कित्येक तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. परंतु १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दोषी निराळाच असल्याचे दाखविले. दाणे तयार करण्यासाठी त्यांत बेंटोनाइट नावाची माती मिसळली जात होती व रिफॅम्पिसिन तिच्या कणांना चिकटून बसत होते. बिचारे पहिले औषध निर्दोष होते.

बेंटोनाइटमधील मुख्य खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. मराठवाड्याच्या काळ्या कसदार जमिनीतही याच गटातील खनिज प्रामुख्याने असते. पावसाळ्यात ही जमीन फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि दिलेल्या खतातील पोटॅश व अमोनिया ती आपल्या कणांच्या पृष्ठभागावर धरून ठेवते. जमिनीत हा गुण होय, कारण अन्नद्रव्ये वाहून जात नाहीत. क्षयरोग्याच्या पोटात मात्र हाच गुण घातक ठरला. रिफॅम्पिसिन पुरेसे न मिळाल्यास जंतू मरत नाहीत, उलट औषधास दाद न देणारे जंतू शिल्लक राहून वाढतात. मग तोच रोग पुढे घरातील दुसऱ्यास जडला तर त्यावर साधे औषध चालत नाही.

या अनुभवामुळेच क्षयरोगाच्या अनेक औषधांची एकच गोळी करण्याची कल्पना पुढे आली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने व आंतरराष्ट्रीय क्षयरोग संघाने १९९४ साली संयुक्त निवेदनाद्वारे बजावले की, रिफॅम्पिसिन रक्तात योग्य प्रमाणात उतरते असे सिद्ध झालेल्याच संयुक्त गोळ्या वापराव्यात. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आज रोग्याच्या वजनानुसार दररोज देण्यात येणाऱ्या संयुक्त गोळ्या आहेत. गोळ्यांची संख्या जास्त वाटते म्हणून त्यांतील एखादी वगळणे, किंवा त्या सोडून बाहेरून परस्पर दुसऱ्या आणणे, यात किती धोका आहे हे वरील हकिकतीवरून ध्यानात येईल.

समतुल्यता कशी पाहतात?

एकाच औषधाच्या दोन निर्मात्यांच्या गोळ्या परस्परांच्या जागी चालतील किंवा नाही हे गोळीच्या रंगरूपावरून ठरत नाही. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांस प्रथम एक गोळी देतात आणि ठराविक वेळांनी त्यांचे रक्त तपासतात. काही दिवस जाऊ दिल्यानंतर त्याच व्यक्तींस दुसरी गोळी देऊन तीच तपासणी पुन्हा करतात. निम्म्या लोकांस क्रम उलटा असतो. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर भिजणाऱ्या वसमतच्या शेतकऱ्यास यातील हिशोब चटकन कळेल. पाळी सुटल्यावर चारीला जास्तीत जास्त पाणी किती आले आणि पाळी संपेपर्यंत एकूण किती आले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी एकदम लोंढ्याने आले तरी पीक वाहून जाते आणि एकूण कमी आले तरी ते वाळते. औषधाबाबतही रक्तातील कमाल पातळी व एकूण पोहोचलेले प्रमाण, दोन्ही जुळावी लागतात.

नियम असा की, नव्या गोळीचे मूळ गोळीशी असलेले गुणोत्तर, मोजणीतील अनिश्चिततेची दोन्ही टोके हिशोबात धरून, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे. यावरून 'जेनेरिक गोळीत वीस टक्के औषध कमी असले तरी चालते' असा एक गैरसमज पसरला आहे. काही शिकलेली माणसेही तो बोलून दाखवितात. गोळीतील औषधाच्या वजनाशी या आकड्यांचा संबंध नाही. ते वजन औषधकोशाने स्वतंत्रपणे ठरवून दिलेले असते. शिवाय अनिश्चिततेची दोन्ही टोके त्या मर्यादेत बसण्यासाठी प्रत्यक्ष सरासरी एकमेकींच्या बऱ्याच जवळ असावी लागते. गुण व अपाय यांतील अंतर थोडे असलेल्या औषधांसाठी अनेक देशांनी ही मर्यादा याहून अरुंद, सुमारे ९० ते १११ टक्के, ठेवली आहे.

भारतात औषध बाजारात येऊन चार वर्षे उलटली की नंतरच्या निर्मात्यांस ही चाचणी बंधनकारक राहत नसे. एप्रिल २०१७ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती झाली आणि पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या तोंडावाटे घ्यावयाच्या प्रकारांसाठी नवा परवाना मागताना समतुल्यतेचा पुरावा देणे आवश्यक ठरले. पाण्यात चटकन विरघळणाऱ्या औषधांत सहायक द्रव्यांमुळे सहसा मोठा फरक पडत नाही. न विरघळणाऱ्यांत पडतो, म्हणून हा भेद. फेनिटॉइन व रिफॅम्पिसिन ही दोन्ही त्या दुसऱ्या वर्गात मोडतात. २००८ सालापासून सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांतील स्वस्त औषधांविषयी गावात शंका काढली जाते तेव्हा कार्यकर्त्याने एवढे सांगावे की, किंमत हे समतुल्यतेचे माप नव्हे. महाग गोळीही न विरघळणारी असू शकते आणि ब्रिस्बेनमधील घोटाळा झाला तो एकाच निर्मात्याच्या एकाच औषधात.

हळदीची अडचण

आता जिल्ह्याच्या स्वतःच्या पिकाकडे वळावे. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीच्या संत नामदेव हळद बाजारात हळकुंडांची मोठी उलाढाल होते. वसमत येथे हळद संशोधन केंद्रही उभे राहिले आहे. खरेदीदार आता हळकुंडाची लांबी, वजन व चकाकी यांबरोबर कर्क्युमिनचे प्रमाण विचारू लागले आहेत. सामान्यतः हळदीत ते तीन ते पाच टक्के असते. त्याच्या औषधी उपयोगावर जगभर संशोधन चालू असून कर्क्युमिनच्या कॅप्सूल मोठ्या किमतीस विकल्या जातात. अशा वेळी उत्पादकाने आपल्या मालातील हे द्रव्य पोटात गेल्यावर काय करते हे जाणून घेणे युक्त होय.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे थोडे आतड्याच्या भिंतीत शिरते ते तेथे व यकृतात झपाट्याने दुसऱ्या रूपात बदलून बाहेर टाकले जाते. बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांस दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले. तीन-चार टक्क्यांच्या हिशोबाने पाहिल्यास हे पन्नास ते सत्तर ग्रॅम हळद पुडीतील कर्क्युमिन झाले. एवढे देऊनही रक्तात ते नाममात्र किंवा मुळीच आढळले नाही. त्याच मात्रेबरोबर मिऱ्यातील पायपेरिन हे द्रव्य केवळ वीस मिलिग्रॅम दिले तेव्हा उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली. आज बाजारातील पुष्कळ कॅप्सूलवर हा आकडा अभिमानाने मिरविला जातो. परंतु मूळ पातळीच शून्याच्या जवळ होती हे विसरू नये. रिकाम्या कणगीत मूठभर ज्वारी असेल तर तिची वीसपट केल्यानेही कणगी भरत नाही.

पायपेरिन हे तसे पाहता निष्क्रिय नव्हे. स्टार्च किंवा लॅक्टोजसारखे ते मुकाट्याने भर घालीत नाही. आतड्यातील व यकृतातील, औषधे मोडून टाकणाऱ्या विकरांनाच ते काही काळ रोखून धरते. सुंठ, मिरे व पिंपळी यांचे त्रिकटू आयुर्वेदात अनेक योगांत का घालतात, या प्रश्नाचा पाठपुरावा जम्मू येथील सरकारी प्रयोगशाळेने १९७० नंतरच्या दशकापासून केला आणि त्यातूनच ही गोष्ट उजेडात आली. त्या कामाच्या आधारे २०१० च्या सुमारास क्षयावरील एक संयुक्त कॅप्सूल तयार झाली. तीत दहा मिलिग्रॅम पायपेरिन घालून रिफॅम्पिसिनचे प्रमाण ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणलेले होते. भारतीय संशोधनाची ही कामगिरी लक्षणीय आहे. मात्र यावरून कोणी मिरपूड खाऊन आपल्या गोळ्या निम्म्या करू नयेत. ते प्रमाण मोजूनमापून, चाचण्या करून ठरविलेले होते. स्वयंपाकघरातील मिऱ्यास असे माप नसते.

विकरांना रोखणारे द्रव्य एकट्या हळदीसाठी द्वार उघडून थांबत नाही. त्याच वेळी घेतलेली इतर औषधेही अधिक प्रमाणात आत जातात. पायपेरिनमुळे फेनिटॉइनची रक्तातील पातळी वाढते असे दिसून आले आहे. म्हणजे ब्रिस्बेनचा प्रकार एखाद्या घरात लहान प्रमाणात घडू शकतो. इटलीत २०१९ साली कर्क्युमिनच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतास सूज आल्याची अनेक उदाहरणे नोंदली गेली आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली याबाबत इशारा दिला. शोषण वाढविणाऱ्या प्रकारांकडे त्यांनी विशेष लक्ष वेधले आहे. भाजी-आमटीतील हळदीस किंवा रात्रीच्या हळद-दुधास हा इशारा लागू नाही. हळद उत्पादकाने यामुळे खचून जाण्याचेही कारण नाही. परंतु 'आपल्याच हळदीचे सत्त्व आहे, त्याने काय अपाय होणार' या भावनेने कॅप्सूल विकत घेऊन रक्तदाबाच्या, फेफऱ्याच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांबरोबर त्या घेणे मात्र धोक्याचे आहे.

सहायक द्रव्यच विष ठरते तेव्हा

आतापर्यंत शोषणाचा विचार झाला. याहून भीषण प्रकार म्हणजे सहायक द्रव्याच्या जागी भलतेच द्रव्य येणे. अमेरिकेत १९३७ साली सल्फा औषधाचे गोड पातळ मिश्रण करण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. औषध ठीक होते, विष होते ते पातळ करणाऱ्या द्रवात. त्यानंतर तेथे औषधांचा कडक कायदा झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली हेच विष मिसळलेले ग्लिसरीन दिले जाऊन चौदा रोगी मृत्युमुखी पडले व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदी व तपासणीतील दोष उघड केले. ग्लिसरीन तेथे औषध म्हणून दिले होते, परंतु खोकल्याच्या अनेक पातळ औषधांत गोडी व दाटपणा आणण्यासाठी तेच वापरतात. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या अशा दूषित औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील काहींना उपचारासाठी नागपुरास आणले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य यंत्रणेने सूचना काढली की, दोन वर्षांखालील मुलांस खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सामान्यतः योग्य नाहीत. गावातील किराणा दुकानातून बाटली आणून चमच्याने पाजण्याची सवय ज्या घरात असेल तेथे ही सूचना तोंडी पोहोचविणे हे आशा कार्यकर्तीचे व अंगणवाडी सेविकेचे तातडीचे काम होय.

घरोघरी सांगावयाच्या गोष्टी

गर्भवती स्त्रियांस लोह व फॉलिक आम्लाची तसेच कॅल्शियमची गोळी दिली जाते. या दोन्ही एकदम घेऊ नयेत, त्यांत निदान दोन तासांचे अंतर असावे. कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवे येते. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास तीही बऱ्याच अंशी फुकट जाते. सकाळच्या चहाबरोबर दोन्ही गोळ्या एका घोटात उरकण्याची पद्धत फार ठिकाणी दिसते, आणि मग महिनोन्महिने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही म्हणून गोळ्यांस बोल लावला जातो.

लेप दिलेली गोळी फोडून किंवा कुटून देऊ नये. काही लेप गोळी जठरातील आम्लातून सुखरूप पार पडून आतड्यात फुटावी म्हणून असतात. काही गोळ्या औषध दिवसभर हळूहळू सोडण्यासाठी केलेल्या असतात व त्यांच्या नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' अशी अक्षरे असतात. दुसऱ्या प्रकारची गोळी कुटली तर दिवसभराचे औषध एकदम सुटते. म्हाताऱ्या माणसास गोळी गिळवत नसेल तर पातळ स्वरूपाचे औषध मिळेल काय हे दवाखान्यात विचारावे.

मुलांना जंतनाशक दिनी चावून खाण्यास दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी मात्र या सर्व विवेचनास अपवाद ठरते. ती फारशी शोषली जात नाही आणि ते इष्टच आहे, कारण जंत आतड्यातच असतात. हेच औषध शरीरात अन्यत्र, उदाहरणार्थ मेंदूत झालेल्या कृमींच्या गाठींसाठी द्यावयाचे असते तेव्हा डॉक्टर ते स्निग्ध जेवणाबरोबर घेण्यास सांगतात. स्निग्ध पदार्थांमुळे त्याचे शोषण सुमारे पाच पटींपर्यंत वाढते.

फेफरे, हृदयविकार, थायरॉइड अशा आजारांवर दीर्घकाळ औषध घेणाऱ्या रोग्याने निर्मात्याचे नाव लिहून ठेवावे. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर ती नाकारलीच पाहिजे असे नाही, परंतु डॉक्टरांस ते कळवावे आणि पुढील काही आठवडे झोप, चालणे, धडधड यांत फरक पडतो काय इकडे लक्ष ठेवावे. कोरड्या जागी, मूळ वेष्टनातच गोळ्या ठेवाव्यात. दमट हवेत फुगणारे विघटक द्रव्य पोटात जाण्यापूर्वीच फुगते आणि पुढे गोळी नीट फुटत नाही. चुलीजवळच्या कोनाड्यात किंवा मोरीवरच्या फळीवर सुट्या गोळ्या ठेवलेल्या घरांची संख्या काही कमी नाही.

एखाद्या औषधाने अपाय झाला, किंवा नेहमीच्या औषधाचा गुण अचानक येईनासा झाला, असा संशय आल्यास वेष्टन फेकू नये. त्यावरील निर्मात्याचे नाव, तुकडी क्रमांक व अखेरची तारीख उतरवून प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यावी. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही अशी माहिती नोंदविता येते. ती देण्यासाठी डॉक्टर असण्याची अट नाही, रोगी किंवा त्याच्या घरचा कोणीही ती देऊ शकतो.